फान्सिपानच्या ट्रेकचे पैसे घेतले आणि रोपवेखाली सोडलं

व्हिएतनामचा बेत करणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींनी पैसे भरायच्या आधी हे वाचावं.

फान्सिपान हे व्हिएतनामचं सर्वांत उंच शिखर, २०१९ च्या मोजणीनुसार सुमारे ३,१४७ मीटर. सा पा गावाकडून २०१६ पासून रोपवे आहे, ६,२९२ मीटर लांबीचा. पायी जायचं तर ट्रॅम टोन खिंडीतून वाट आहे. तिला राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आणि स्थानिक गाइड लागतो, मुक्काम २,२०० किंवा २,८०० मीटरवरच्या तळावर. आम्हाला पायीच जायचं होतं. आमच्यातले काका साठी ओलांडलेले. याच ट्रेकसाठी ते पहाटे उठून राजहंसगड चढत होते.

बेळगावातल्या टूरवाल्याने "परवाना, गाइड, पोर्टर सगळं माझ्याकडे लागलं" म्हणत ट्रेकचे माणशी १८ हजार वेगळे घेतले. पावतीवर मात्र ‘फान्सिपान शिखर भेट’ एवढंच. विचारलं तर म्हणाला, "तसंच लिहितात हो."

सा पात तिथल्या गाइडने त्याच्याकडचा कागद पुढे केला. आम्हाला रोपवेच्या स्टेशनवर सोडायचं, बस्स. तिकीटही आमचं आम्हीच काढायचं. ट्रेकसाठी आमची नावं कुणी दिलीच नव्हती. बेळगावला फोन लावला तर उत्तर आलं, "पावसामुळे ट्रेक बंद आहे." बाहेर लख्ख ऊन होतं, आणि आमच्याच हॉटेलातला एक गट सकाळीच खिंडीकडे गेला होता. पैशांपेक्षा हे खोटं जास्त लागलं. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून सांगतो, ‘शिखर भेट’ या शब्दांवर एक रुपया देऊ नका. पायी की रोपवेने, कुठल्या खिंडीतून, मुक्काम कुठल्या तळावर, परवाना आणि तिकीट कुणाच्या खर्चाने, हे पावतीवरच लिहून घ्या. तोंडी ठरलेलं व्हॉट्सॲपवर पाठवायला लावा. रोपवेनंतरही सुमारे सहाशे पायऱ्या असतात, तेही वडीलधाऱ्यांना आधी सांगा.

फसलाच असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही तक्रार दिली आहे. अशीच ‘शिखर भेट’ लिहिलेली पावती तुमच्याकडे असेल तर फाडू नका, तुम्हीही तक्रार द्या.