पानं-फुलं दाबायचा लाकडी प्रेस, दोन-अडीच वर्षांच्या पोरासोबत वापरून (लांबलचक आहे, आधीच सांगते)

एका विंग नटाचे (बोल्टवर हाताने फिरवायचा, दोन पंखांचा नट) आटे गेले आणि त्यानंतर कस्टमर केअरने जे डोकं फिरवलं त्यामुळे हे लिहितेय, नाहीतर रिव्ह्यू लिहायला कुणाला वेळ आहे. किट तेच हो, सगळीकडे दिसतं ते, दोन लाकडी फळ्या, चार कोपऱ्यांत बोल्ट, मधे पुठ्ठे नि टीपकागद, एक पिटुकली डिंकाची बाटली आणि आयडियांची कार्डं. जानेवारीत साडेअकराशेला घेतलं. लेक तेव्हा नुकती दोनची झालेली, डब्यावर ३+ लिहिलंय ते वाचूनच घेतलं, म्हटलं आपण शेजारी बसणारच आहोत. आयएसआय मार्क आहे, २०२१ पासून खेळण्यांना तो कंपल्सरी आहे, कुठलंही किट घेताना तेवढं बघा.

प्रेस म्हणून काम चोख करतो. बोगनवेल बेस्ट, मुळातच कागदासारखी असते त्यामुळे पटकन वाळते आणि रंगही बऱ्यापैकी राहतो. जास्वंद अजिबात घालू नका, इतकं पाणी असतं की टीपकागदाला चिकटून बसते आणि सोलताना चिंध्या होतात. पारिजातकाच्या पाकळ्या तपकिरी पडतात. शेवंती अख्खी दाबली तर मधला गड्डा ओलाच राहतो, पाकळ्या सुट्या करून घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाचा गुलाबी सडा पडलेला असतो, तो पिशवीभर गोळा करायला लेकीला जी मजा आली ती पुढच्या कशातच आली नाही, आणि ती फुकट होती.

आता कार्डावर लिहिलंय 'दोन आठवडे थांबा'. दोन वर्षांचं पोर! दोन मिनिटांत 'झालं?' सुरू होतं. म्हणजे पानांमध्ये तिला इंटरेस्ट शून्य. पण नट! त्याला ती फिरफिर म्हणते. पंख असल्यामुळे इवल्या बोटांत मस्त बसतो, घट्ट कर, सैल कर, परत घट्ट कर, मी तेवढ्यात आख्खी कणीक मळून घेते (ओट्याच्या समोरच, नजर तिच्यावर). अख्ख्या किटमध्ये लहान पोरासाठी खरं खेळणं म्हणाल तर हे चार नट, आणि कंपनीला त्याचा पत्ताच नाही, कारण नेमके तेच सगळ्यात हलके दिलेत. उन्हाळ्यातच एक जण वाकडा बसायला लागला आणि मग आटे गेले. तीन कोपरे घट्ट नि एक सैल, म्हणजे त्या बाजूची पानं सुरकुतणार.

मेसेज केला की बाबा एक नट पाठवा, कुरिअरचे पैसे मी देते. आधी बॉट. मग म्हणे अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. अहो, नट चार महिन्यांनी गेलाय, अनबॉक्सिंगमध्ये काय दिसणार? मग फोटो मागितले, तेही पाठवले, मग उत्तर आलं की स्पेअर पार्ट मिळत नाही, नवीन किटवर १०% डिस्काउंट देतो. एका नटासाठी हजार रुपये! कोपऱ्यावरच्या दुकानात साधा षटकोनी नट मिळाला पण त्याला पाना लागतो, लेकीने हात लावून बघितला आणि 'हा नको' म्हणून परत दिला. शेवटी नवऱ्याला बोल्ट घेऊन बोहरी आळीत पाठवला, तिथे ६ एमएमचे विंग नट ढिगाने, चारही बदलले, स्टीलचे, सगळे मिळून एका वडापावाच्या पैशांत.

बरं, हे नट लहान पोराच्या तोंडात सहज जातात. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या पोराकडे एकटं सोडायचं नाही, हा सोपा नियम. खेळून झालं की प्रेस वरच्या फडताळात. आमच्या आत्याबाईंनी हौसेने गावाहून गुंजा आणल्या चिकटवायला, त्या तर डबीसकट माळ्यावर गेल्या, सोनाराच्या तराजूत शोभतात, पोराच्या हातात नाही, चावून पोटात गेल्या तर विष आहे. कण्हेरीचंही तेच, पान नको, फूल नको.

मार्चमध्ये लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. पण जुलै आला आणि प्रेस उघडला तर पांढरी बुरशी. टीपकागद दमट झाले होते आणि कागद बदलायचे असतात हे कार्डावर कुठेच नाही! आता पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलते, ओले इस्त्रीने वाळवून परत वापरते, टीपकागद नि फुलाच्या मधे वर्तमानपत्र. पावसात फुलं बंदच, फक्त पानं, नेचे छान येतात.

डिंकाची बाटली दुसऱ्याच महिन्यात दगड झाली. सासूबाई म्हणाल्या खळ कर की. मैदा, पाणी, मंद गॅस, ढवळत राहायचं, बस. बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून, ते घरी अजिबात नको, लहान पोरं बोटं चाटतातच. साधी खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. त्याच दिवशी सासूबाईंनी कागदाला हळद फासून लेकीच्या हाती साबणाचं पाणी आणि कापूस दिला, पिवळ्यावर लाल रेघा उमटल्या आणि बाईसाहेब तासभर हलल्या नाहीत. साडेअकराशेच्या कार्डांवर हे नाही.

सध्या आत दसऱ्याचा आपटा आहे. बाजारात आपटा म्हणून जुडी देतात ती बरेचदा कांचनाची निघते, पान मोठं असतं, प्रेसच्या बाहेर येतं, आपटा लहान, नीट मावतो.

तर घ्यायचं का? पाच-सहा वर्षांचं पोर असेल आणि सेल लागला असेल तर घ्या. नाहीतर सुताराकडून प्लायचे दोन तुकडे, चार भोकं पाडून, कडा घासून, बोल्ट बोहरी आळीतून, टीपकागद अप्पा बळवंत चौकातून. मी नणंदेला असाच करून दिला, तीनशेच्या आत बसला.