बागेतली पहिली रेल्वे: रुळांतून वीज की बॅटरी?

जर्मनीच्या एलजीबी या मॉडेल रेल्वेच्या ब्रँडने १९६८ साली ४५ मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेली) बागेतली छोटी रेल्वे बाजारात आणली, ती रुळांतून वीज घेणारी. आजही बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, कारण ते सोपं आहे: कंट्रोलर, दोन वायरी, गाडी सुरू. चार्जिंगची कटकट नाही.

पण अंगण म्हणजे दिवाणखाना नव्हे. आमच्याकडे पावसाळ्यात चार दिवस गाडी फिरवली नाही, तर पितळी रुळांचा माथा काळवंडतो आणि इंजिन पारिजातकाखालच्या वळणावर आचके देत थांबतं. मग उकिडवं बसून अख्खी फेरी घासायची. रुळांचे तुकडे जोडणारी जोडपट्टी सैल झाली की पुढच्या तुकड्याला वीजच पोचत नाही. गाडी वळून त्याच रुळावर उलटी येईल असा फास टाकला, तर खास वायरिंगशिवाय शॉर्ट सर्किट ठरलेलं.

बॅटरीच्या गाडीत रुळांचं काम फक्त वाट दाखवायचं. सेल इंजिनात किंवा मागच्या डब्यात, हातात रिमोट. ॲल्युमिनियमचे रूळही चालतात, पाचोळा झाडला की झालं. खर्च मात्र प्रत्येक इंजिनामागे वाढतो आणि छोट्या इंजिनात सेलला जागा पुरत नाही.

सुट्टीत मांडून उचलायचं एकच वर्तुळ असेल, तर रुळांतली वीज उत्तम. कायमची लाइन, तीही आपल्या पावसात, टाकणार असाल तर पहिल्या दिवसापासून बॅटरीच घ्या. वळणं मात्र दोन्हींत ऐसपैस ठेवा. ६० सेंमी त्रिज्येवर लांब डबे घसरतात.