लेझी_लोडर: अंबियापासून मृगापर्यंत

नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केटात संत्र्यांचे फोटो काढून प्रतवारी सांगणारं एक छोटं पायथन टूल आम्ही चालवतो. कमांड मारली की नमपाय, सायकिट-इमेज, मॅटप्लॉटलिब असा लायब्रऱ्यांचा सगळा लवाजमा आधी मेमरीत चढायचा, नुसती हेल्प बघायची असली तरी. आडत्याच्या गाळ्यातला जुना लॅपटॉप त्यात इतका घुटमळायचा, की काट्यावरचा पोरगा हमखास विचारायचा, "भाऊ, हे लटकलं का?"

अंबियाची, म्हणजे संत्र्याच्या पहिल्या बहाराची, आवक सुरू होताना लेझी_लोडर बसवलं. बाकीच्या लायब्रऱ्या गरज पडेल तेव्हाच लोड करणारी ही पायथन लायब्ररी. आता मृग हा पुढचा बहारही संपत आलाय.

पायथन 3.7 पासून मॉड्यूललाच (कोडच्या फाइलीला) स्वतःचं __गेटअ‍ॅट्र__ हे फंक्शन देता येतं (पीईपी 562; पीईपी म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव). मॉड्यूलकडे नसलेलं नाव कुणी मागितलं की ते चालतं आणि तेव्हाच खरा इम्पोर्ट, म्हणजे लायब्ररी मेमरीत आणणं, होतो. लायब्ररी मुख्यतः याच आधारावर उभी आहे. कोड एका बैठकीत वाचून होतो. सायकिट-इमेज स्वतःही हीच वापरतं. त्यामुळे प्रत्येक इम्पोर्टचा वेळ दाखवणारा -एक्स इम्पोर्टटाइम हा पर्याय लावून पाहिलं, तर खरा वेळ खात होतं आमच्या पॅकेजची सुरुवातीची फाइल __इनिट__ आणि त्यातून ओढलं जाणारं पायप्लॉट, म्हणजे मॅटप्लॉटलिबचा आलेख काढणारा भाग. बाहेरचं सबमॉड्यूल थेट लायब्ररीच्या लेझी.लोड या फंक्शनने मागितलं तर त्याचं मूळ पॅकेज लगेच लोड होतं, म्हणून आलेखाचा कोड वेगळ्या फाइलीत हलवला आणि तिच्याच अटॅच_स्टब या फंक्शनने जोडला. आता हेल्प झटकन येते.

स्टब फाइल मला सगळ्यात आवडली. नावं या .पीवायआय फाइलीत एकदा लिहायची, एडिटरलाही तीच कळतात. मात्र त्यात फक्त पॅकेजच्या आतले इम्पोर्ट चालतात, आणि व्हील (इन्स्टॉल करायचं तयार पॅकेज) बांधताना ती फाइल आत गेलीय ना, हे बघाच. नसली तर आपल्या मशीनवर सगळं आलबेल आणि गाळ्यात पहिल्याच ओळीला व्हॅल्यूएरर येऊन टूल बंद.

तक्रार एकच, पण मोठी. एखादी लायब्ररी बसवायची राहिली तर पूर्वी टूल सुरूच व्हायचं नाही. आता ते दिवसभर गोड चालतं आणि संध्याकाळी रिपोर्ट काढताना, नेमकं शेतकरी समोर उभा असताना, कोसळतं. यावर उपाय लायब्ररीतच आहे: टेस्ट चालवताना ईगर_इम्पोर्ट हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल लावला की सगळं लगेच लोड होतं. हे केल्याशिवाय वापरू नका. सतत चालू राहणाऱ्या सर्व्हरसाठी तर मी ही भानगड घेणारच नाही.

पीईपी 810 मुळे पायथन 3.15 मध्ये लेझी इम्पोर्ट भाषेतच येतोय. पण गाळ्यातल्या लॅपटॉपवर नवं पायथन चढवायला आडत्या कधी तयार होईल, देव जाणे. तोवर हेच.