बाल्कनीचा कठडा: लोखंड, काच की स्टील?

जुळे सोलापुरातील आमच्या बाल्कनीसाठी शहरातल्याच एका फॅब्रिकेशनच्या दुकानातून कठडा करून घेतला. काम चोख आहे, मात्र साहित्य निवडताना ग्राहकाने स्वतः जागरूक राहायला हवे. दुकानदाराने प्रथम २०२ दर्जाचे स्टेनलेस स्टील सुचवले. त्यात निकेल कमी आणि मँगनीज अधिक असल्याने ते स्वस्त पडते, पण पाणी साचणाऱ्या सांध्यांवर लवकर गंजाचे डाग धरते. म्हणून सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ आम्ही आग्रहाने घेतले आणि तो दर्जा बिलावर लिहून घेतला. दर्जा ओळखण्यासाठी नुसत्या लोहचुंबकावर विसंबू नये. दोन्ही प्रकार त्याला फारसे चिकटत नाहीत.

टफन्ड काच दिसायला देखणी खरी, परंतु इथली धूळ आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पाहता ती रोज कोण पुसणार? लोखंड मजबूत आणि स्वस्त आहे. रेड ऑक्साइड (गंज रोखणारा पहिला थर) नीट लावून दर काही वर्षांनी रंग देण्याची तयारी असेल, तर ते अवश्य घ्यावे.

लहान मुलांना पाय ठेवून चढता येऊ नये म्हणून गज उभेच बसवले असून दोन गजांतील फट चार इंचांहून कमी ठेवली आहे. वेल्डिंगचे सांधे घासून इतके गुळगुळीत केले आहेत की बोटाला जोड लागत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडल्यावर पश्चिमेकडील स्टील हाताला चटका देते, तेव्हा वरची पट्टी सागवानी घेणे अधिक सोयीचे ठरेल.