डिस्कवरचे लेबल: चिकटवावे, छापावे की हाताने लिहावे?

बेळगाव जिल्ह्यातील कडोली, उचगाव, कारदगा अशा गावांतील साहित्य संमेलनांची भाषणे किंवा एखाद्या भजन स्पर्धेचे ध्वनिमुद्रण कोऱ्या सीडी-डीव्हीडीवर उतरवून झाले की पुढचा प्रश्न लेबलचा येतो. कागदी लेबल चिकटवावे, छपाईयोग्य पांढरी डिस्क घ्यावी की मार्करने नाव लिहून मोकळे व्हावे, याचा निर्णय बहुधा जवळच्या डीटीपी दुकानात काय मिळते यावर होतो. वास्तविक तो ती डिस्क किती वर्षे चालायला हवी यावर व्हावा, कारण वयोवृद्ध वक्त्याचे एकदा झालेले भाषण पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही.

कागदी लेबलचे आकर्षण उघड आहे. ए-४ आकाराच्या चिकट कागदावर सुमारे ११७ मिलिमीटर व्यासाची लेबले कोणत्याही साध्या प्रिंटरवर छापता येतात आणि डिस्कही साधीच चालते. परंतु सीडीमध्ये माहितीचा थर लेबलच्या बाजूलाच, लॅकरच्या (वार्निशसारख्या संरक्षक द्रव्याच्या) अतिशय पातळ लेपाखाली असतो. वाकडे बसले म्हणून लेबल ओढून काढले, तर त्यासोबत चमकदार परावर्तक थरही सुटून येतो आणि ती सीडी कायमची जाते. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, मात्र तिथे वेगळीच अडचण आहे. सोळापट वेगाने चालणारी डीव्हीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, त्यामुळे लेबल किंचित जरी एका बाजूला सरकलेले असले तरी तोल बिघडतो आणि वाचनात चुका होऊ लागतात. शिवाय कागद व प्लॅस्टिक ओलाव्याने सारखे फुगत नाहीत. खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत पावसाळ्याचे चार महिने कपाटातही दमटपणा राहतो. तिथे कडा सुटणे आणि डिस्कला बाक येणे या दोन्ही गोष्टींची भीती अधिक. सुटलेल्या कडेची डिस्क गाडीतल्या फटीच्या प्लेअरमध्ये अडकली, तर ती काढताना प्लेअरचेही नुकसान होते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही चिकट लेबले टाळण्याचाच सल्ला आहे. म्हणून जतनाच्या प्रतीवर कागदी लेबल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहुण्यांना किंवा देणगीदारांना द्यायच्या प्रतींसाठी इंकजेट प्रिंटेबल डिस्क सर्वांत चांगली. तिच्या पांढऱ्या पृष्ठभागावर शाई थेट बसते, वजन वाढत नाही आणि सुटण्यासारखे काही उरत नाही. त्यासाठी डिस्कचा ट्रे असलेला प्रिंटर लागतो. एप्सनच्या एल८०५ सारख्या फोटो प्रिंटरवर ही सोय आहे. खरेदी करताना ‘हब प्रिंटेबल’ हे शब्द पाहावेत, कारण अशा डिस्कवर मधल्या छिद्राच्या जवळपर्यंत, म्हणजे साधारण २२-२३ मिलिमीटर व्यासापर्यंत छपाई करता येते. एरवी मधले कडे कोरे राहते. आधी डिस्कवर ध्वनिमुद्रण उतरवून, ती पूर्ण वाचली जाते याची खात्री करून मगच छपाई करावी आणि दिवसभर वाळू द्यावी. ओल्या बोटाने साधी डाय शाई पसरते, हा या पद्धतीचा खरा दोष.

हाताने लिहिणे दिसायला साधे असले तरी मंडळाच्या मूळ प्रतीसाठी मी तेच निवडेन. फक्त मार्कर पाण्यावर आधारित शाईचा, मऊ टोकाचा असावा. तीव्र द्रावकाची शाई सीडीच्या लेपात उतरू शकते, आणि बॉलपेनच्या दाबाने आतील थरावर खूण उमटते. सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर माहिती नसते, तेव्हा क्रमांक तिथेच लिहावा आणि सविस्तर तपशील डबीतल्या कागदावर द्यावा. लेसरने डिस्कवरच चित्र कोरणारे लाइटस्क्राइब तंत्र २००४ साली आले होते, पण त्याच्या खास डिस्क आता सहज मिळत नसल्याने त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

मांडणीत मराठीसाठी एक विशेष काळजी घ्यावी लागते. कडेने गोलाकार फिरणारा मजकूर इंग्रजी अक्षरांत शोभतो, मात्र देवनागरीत प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनात वळल्याने शिरोरेखा तुटते आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर आदळतात. त्यामुळे नाव छिद्राच्या वर, तारीख व ठिकाण खाली, अशा सरळ ओळीच घ्याव्यात. निपाणी-बेळगावकडच्या लग्नाच्या डीव्हीडीवर मराठी आणि कन्नड दोन्ही नावे हवी असतील, तर मराठी मजकूर श्रीलिपी आणि कन्नड मजकूर नुडी या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टाइप झालेला असण्याची शक्यता असते. ती फाइल दुसऱ्या दुकानातल्या संगणकावर उघडली आणि तिथे ते फाँट नसले, तर नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात; म्हणून कोरलड्रॉमध्ये दोन्ही मजकूर ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ करूनच, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करूनच, छपाईला पाठवावेत, आणि पुढे दुरुस्तीसाठी मूळ फाइल वेगळी राखून ठेवावी.