जिप्सीचे ‘नवे’ टायर-रिम: सगळी लबाडी आतल्या बाजूला

गाडी २००७ ची मारुती जिप्सी, सॉफ्ट टॉप. मूळ पोलादी रिम, २०५/७० आर १५ चे टायर (रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंची), इंजिन ठणठणीत. मालकाला पावसाळ्यात मावळातल्या चिखलात आणि कोकणातल्या जांभ्याच्या चढांवर चालतील असे टायर हवे होते. दुकानदाराने पॅकेज सांगितलं: २३५/७५ आर १५ चे पाच ‘इम्पोर्टेड’ मड टायर, १५×८ च्या (१५ इंच व्यास, ८ इंच रुंदी) पाच अलॉय रिम, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं मिळून ८४ हजार. जुने टायर-रिम एक्सचेंजमध्ये, त्याचे सहा हजार वजा. बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा. मालकाने बिल घेतलं नाही.

दोन तासांत गाडी तयार झाली आणि दिसायला झकास झाली. नंतर सत्तरच्या वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. चारशे किलोमीटरच्या आसपास घाटात मागच्या डाव्या चाकातून टकटक आली. उतरून पाहिलं तर पाचपैकी दोन नट गायब आणि तिसरा हाताने फिरतोय. मग चारही चाकं उतरवली, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली, आणि एकेक गोष्ट बाहेर आली. बाहेरून दिसणारी प्रत्येक वस्तू नवी होती, जुनं आणि चुकीचं ते सगळं आतल्या बाजूला होतं.

आधी टायर. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांपुढे एक सांकेतिक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३११६ म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात. दुसऱ्या बाजूला डीओटी असतं, अर्धा क्रमांकही असतो, तारीख नसते. इथे पाचही टायर तारखेची बाजू आत करून बसवले होते. एखादा टायर तसा बसला तर समजू शकतो, पण स्टेपनीसकट पाचही? तीन टायर २०१६ चे निघाले, दोन २०१३ चे. व्यवहार २०२४ चा. न वापरता गोदामात पडून राहिलेला टायरही म्हातारा होतो. रबरातली तेलं उडतात, कडेला केसासारख्या भेगा पडतात. वरून काळं पॉलिश चोपडलं की त्या दिसत नाहीत. ओल्या फडक्याने कड घासून पुसा, टायर दोन्ही हातांनी दाबून कड वाकवा, भेगा लगेच उघडतात.

२०१३ चे दोन टायर तर वापरलेलेच होते. झिजलेल्या टायरमध्ये तापवलेल्या पात्याने खाचा पुन्हा खोल कापायच्या, ही युक्ती जुनी आहे. ट्रकच्या काही टायरमध्ये त्यासाठी मुद्दाम जाड थर ठेवलेला असतो आणि कडेवर ‘रीग्रूव्हेबल’ असं छापलेलं असतं. जीप-कारच्या टायरमध्ये हा थर नसतो, त्यामुळे पातं थेट पोलादी तारांच्या पट्ट्याजवळ पोचतं. जांभ्याची एक धार लागली की टायर फाटलाच. ओळखायचं कसं? कडेवर टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचा उंचवटा असायलाच हवा. खाच नंतर कापली असेल तर उंचवटा कापला गेलेला किंवा अर्धवट असतो. साच्यातून आलेल्या खाचेचा तळ गुळगुळीत असतो, पात्याने कापलेल्या खाचेचा तळ खरबरीत आणि कमी-जास्त खोल. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेही पाहा. मधल्या रंगीत पट्ट्यांवर मात्र जाऊ नका, त्या ब्रशनेही मारता येतात.

दोन वेगवेगळ्या झिजेचे टायर पुढे-मागे लावण्यात आणखी एक तोटा आहे, आणि तो फोर व्हील ड्राइव्हवाल्यालाच बसतो. जिप्सीला मधला डिफरन्शिअल, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नाही. फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) टाकला की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकाच वेगाने फिरतो. पुढच्या टायरचा व्यास मागच्यापेक्षा दहा मिलिमीटरने कमी असेल, तर प्रत्येक फेरीला सुमारे तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. चिखलात चाक घसरून तो फरक सोसतं. कोरड्या घट्ट रस्त्यावर तो ताण ट्रान्सफर केस (दोन्ही अॅक्सलना ताकद वाटणारी पेटी), प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर जातो, लिव्हर अडकतो, मेकॅनिक गिअरबॉक्स उघडायला सांगतो. मोजायची पद्धत सोपी: चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाची एक फेरी करा, अंतर टेपने मोजा. २३५/७५ ला ते सव्वादोन मीटरच्या आसपास येतं. चारही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ यायला हवेत.

आता रिम. विक्रेता फक्त पीसीडी, म्हणजे चाकाच्या बोल्टांच्या (स्टडच्या) वर्तुळाचा व्यास सांगतो, “पाच बाय १३९.७ आहे, बसणार.” जिप्सीचा पीसीडी तोच आहे, आणि जुन्या महिंद्रा जीपचाही तोच, साडेपाच इंच. त्यामुळे जीपच्या बाजारातलं बरंच काही जिप्सीला ‘बसतं’. पण बसणं म्हणजे योग्य असणं नव्हे. जिप्सीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, १०८ मिलिमीटरचा. पुढचं लॉकिंग हब (फोर व्हील ड्राइव्हसाठी पुढचं चाक अॅक्सलला जोडणारा भाग) रिमच्या मधल्या भोकातून बाहेर यावं लागतं. या रिमचं भोक मुळात लहान होतं, ते लेथवर कातून १११ केलेलं. कातल्याची चकचकीत रेघ रिमच्या मागच्या बाजूने दिसत होती, पुढून प्लास्टिकची टोपी होती. भोक हबपेक्षा मोठं असलं तरी चालतं, कोनिकल (निमुळत्या तोंडाचे) नट रिम मध्यावर आणतात. पण कातलेलं भोक स्टडच्या वर्तुळाशी समकेंद्री नसेल तर गोंधळ होतो. बॅलन्सिंगचं मशीन रिम भोकावर पकडतं, गाडी ती स्टडवर पकडते. मशीनवर शून्य, गाडीवर थरथर. याच कारणाने दुकानदाराने तीन वेळा ‘फुकट’ बॅलन्सिंग करून दिलं आणि तिन्ही वेळा काही फरक पडला नाही. तपासायला मशीन लागत नाही. चाक गाडीवरच ठेवून जॅक लावा, एखादी तार रिमच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर घट्ट धरा आणि चाक फिरवा. फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते.

एका रिमच्या आतल्या कडेला वेल्डिंग होतं, वर पावडर कोटिंग. तडा गेलेली अलॉय रिम वेल्ड करून रंगवली की नव्यासारखी दिसते, पण वेल्डच्या शेजारचा भाग मऊ पडलेला असतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. टायर चढण्याआधी रिमची आतली बाजू बोटाने चाचपा. नव्या रिमचा आतला भाग सारखा असतो. फुगवटा, घासल्याच्या खुणा, एकाच जागी रंगाचा जाड थर असेल तर ती रिम परत करा. जेडब्ल्यूएल ही अलॉय रिमच्या जपानी मानकाची अक्षरं ओतलेली आहेत म्हणून विश्वास ठेवू नका, साच्यात कोणतीही अक्षरं ओतता येतात. आणि हो, कडेवरचे ते बोल्ट. त्यांना दुकानात बीडलॉक, म्हणजे टायर रिमवर पकडून ठेवणारी कडी, म्हणून सांगितलं होतं. खऱ्या बीडलॉकमध्ये टायरची कड रिम आणि बाहेरच्या कड्याच्या मध्ये चिमटलेली असते. इथले बोल्ट रिममध्ये एक सेंटिमीटर शिरून संपत होते. हवा कमी करून चिखलात गेल्यावर टायर रिमवरून उतरण्यापासून ते काहीही वाचवत नाहीत.

ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती हबवर बसण्याच्या पृष्ठभागाचं अंतर, शून्य सांगितला होता. रिमच्या आत ईटी २०, म्हणजे २० मिलिमीटर ऑफसेट, कोरलेलं. हिशोब करून पाहा: ८ इंची रिमची कडेपासून कडेपर्यंत रुंदी सुमारे ९ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. तिचा अर्धा ११४, त्यात २० मिळवले की रिम बसण्याच्या पृष्ठभागापासून आतली कड १३४ मिलिमीटर आत जाते. रुंद टायरसकट ती पूर्ण वळणावर कमान पाट्याला घासणारच. घासलीही असणार, कारण पुढच्या दोन्ही चाकांमागे ३० मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, निघाले. मालकाला त्यांचा पत्ताच नव्हता. असा स्पेसर आधी हबला नटांनी आवळतात, मग त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसतं. आतले नट सैल झाले तर चाक काढल्याशिवाय कळत नाही. वजनाची रेषा बाहेर सरकल्याने बेअरिंग आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीवर) जादा ताण येतो. सतरा वर्षांच्या जिप्सीत किंगपिनची बेअरिंग मुळातच थकलेली असतात. टायर घेण्याआधी पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर पैसे आधी तिथे घाला.

नट हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त भाग, आणि जीव जाऊ शकतो तो इथेच. जिप्सीचे स्टड एम १२, आट्यांचं अंतर १.२५ मिलिमीटर. दुकानदाराने चकचकीत क्रोम नट लावले, ते जुन्या जीपचे, अर्धा इंची, इंचाला वीस आटे. वीस आटे म्हणजे १.२७ मिलिमीटर. अंतर जवळजवळ सारखं, म्हणून नट अडत नाही, सरसर चढतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. नट सैल बसतो आणि आट्यांची फक्त टोकं धरतात. आवळताना घट्ट लागतो, भार आला की आटे सोलवटतात. उलट प्रकारात, म्हणजे १.५ अंतराचा नट लावला तर तो दोन-तीन फेऱ्यांत अडतो आणि माणूस सावध होतो. इथे सावध करणारं काहीच नाही. तपासणी अशी: नट हाताने निम्म्यापर्यंत चढवा आणि बाजूला हलवून पाहा. बरोबर नट जेमतेम हलतो, हा डुलतो. पूर्ण बसेपर्यंत किमान दहा फेऱ्या मोजून व्हायला हव्यात. न्यूमॅटिक गनने आवळू देऊ नका, शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने (मोजलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) करा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

किरकोळ लबाडी अलाइनमेंटची. कागदावर ‘कॅम्बर-कास्टर सेट’ (चाकाच्या आणि किंगपिनच्या कलांचं सेटिंग) लिहून पॅकेजमध्ये बाराशे रुपये धरले. जिप्सीचा पुढचा अॅक्सल एकसंध आहे. अलाइनमेंटच्या मशीनवर त्यात फक्त टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असणं, बदलता येतो. उरलेल्याचे पैसे हवेचे. त्यानंतर थरथर थांबावी म्हणून नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) विकायचा प्रयत्न झाला. डॅम्पर थरथर झाकतो, तिचं कारण घालवत नाही.

“मोठ्या टायरने काही फरक पडत नाही,” हे वाक्यही तपासून घ्या. २०५/७० चा व्यास ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा ७३३. म्हणजे दहा टक्के जास्त. मूळ मीटर बरोबर धरला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने जाते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच उंच होतो. ८० अश्वशक्तीच्या १.३ लिटर इंजिनाला घाटात ते जाणवतं, क्लचला त्याहून जास्त. जिप्सीला २१५/७५ आर १५, व्यास ७०३, हा शहाणा पर्याय आहे. फरक पाच टक्के, आणि मूळ रिमवरही बसतो. दुकानदार तो सुचवत नाही, कारण मग रिम विकली जात नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. फेंडरबाहेर आलेली चाकं अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर सर्वात आधी टिपतो.

बिल घेतलं असतं तर बरंच आधीच उघड झालं असतं. नव्या टायरचा एचएसएन क्रमांक (जीएसटीच्या बिलावरचा वस्तूचा संकेतांक) ४०११, वापरलेल्या किंवा रिट्रेड (नवा थर चढवलेल्या) टायरचा ४०१२. दुकानदाराला ‘४०११, आकार, डीओटीचे चार आकडे, पाच नग’ असं बिलावर लिहायला सांगा. नव्याच्या नावावर जुनं विकणारा इथे चुळबुळ करतो. टायरवर आयएसआय चिन्ह आहे का तेही पाहा. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे बिलाशिवायचा स्वस्त ‘इम्पोर्टेड’ टायर कुठून आला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

फसल्याचं कळल्यावर टायर लगेच परत करून मोकळं व्हायची घाई करू नका. डीओटी, वेल्डिंग, स्पेसर, नट यांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढा, पैसे भरल्याच्या यूपीआय नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपा, दुकानदाराला लेखी कळवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. या मालकाकडे बिल नव्हतं, पण यूपीआयची पावती आणि ‘फाइव्ह न्यू टायर्स’ असा दुकानदाराचाच मेसेज होता. त्यावर टायरचे पैसे परत मिळाले. रिमचे नाहीत, कारण त्या ‘नव्या’ आहेत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

उरल्या मूळ पोलादी रिम. २०१९ मध्ये मारुतीने सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद केल्यापासून चांगल्या सरळ रिमा शोधाव्या लागतात. मालक परत आणायला गेला तेव्हा त्या दुकानात दर्शनी भागात टांगलेल्या होत्या, काळ्या पावडर कोटिंगमध्ये. पाचांचे २२ हजार, एक रुपया कमी नाही.