जंप स्टार्टर, नऊ महिने वापरल्यावर: गाडी सुरू झाली, पण दुखणं बॅटरीचं नव्हतंच

नऊ महिन्यांपूर्वी एका सकाळी चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं टकटकटकटक. डॅशबोर्डचे दिवे त्याच तालावर मिणमिणत होते. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावून तो दिवस निभावला आणि त्याच आठवड्यात हा हातात मावणारा लिथियमचा जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला चिमटे लावून गाडी सुरू करून देणारा डबा, घेतला. आजवर सात वेळा वापरलाय आणि सातही वेळा गाडी सुरू झाली. तरी पूर्ण गुण देत नाही. का, ते सांगतो.

पहिल्या दोन वेळा बॅटरी खरंच उतरली होती. डिकीतला दिवा बंदच होत नव्हता. साधा मीटर लावला तर ११.८ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. ती सोलेनॉइड (स्टार्टर मोटरला करंट जोडून देणारा विजेवर चालणारा स्विच) ओढू शकते, पण इंजिन फिरवणाऱ्या त्या मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. टकटक ती हीच. अशा वेळी या डब्याला तोड नाही. लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा इंजिनच्या उघड्या धातूला, दोन-तीन सेकंद सेल्फ, काम फत्ते.

तिसऱ्या वेळेपासून आवाज बदलला. एकच जड ‘टक’, मग शांतता. माझं लक्षच गेलं नाही. डबा लावला की सुरू होतेय, म्हणजे बॅटरीच गेली, असं धरून मी नवी बॅटरी बसवली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. नव्या बॅटरीवर मीटर १२.६ दाखवतोय, हेडलाइट लावून चावी फिरवली तर उजेड जेमतेम हलतोय, आणि गाडी ‘टक’ करून गप्प. हेडलाइट पार विझायला आले असते तर बॅटरी किंवा तिच्या टर्मिनलवर संशय घेतला असता. इथे बॅटरीत ताकद होती, ती स्टार्टर मोटरपर्यंत पोचत नव्हती.

उलगडा झाला तो चुकून. एकदा घाईत काळा चिमटा इंजिनऐवजी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला लावला. टक. काढून इंजिनच्या धातूला लावला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू! मी दोन मिनिटं चिमटा हातात धरून तसाच उभा. इतके महिने मी बॅटरीला मदत करतच नव्हतो, बॅटरी आणि इंजिन यांच्यामधल्या खराब अर्थिंगला, म्हणजे करंट बॅटरीकडे परत येण्याच्या वाटेला, वळसा घालत होतो.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या धातूवर ठेवलं आणि घरातल्या माणसाला चावी फिरवायला सांगितलं (गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून). तिथे पाव व्होल्टसुद्धा दिसायला नको. माझ्याकडे सात! मीटर ओहमवर, म्हणजे विद्युत रोध मोजायला, ठेवून मोजलं असतं तर काही कळलं नसतं. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, तिथे ०.०२ ओहमसुद्धा दोन-तीन व्होल्ट खातं आणि साधा मीटर एवढं बारीक दाखवत नाही. इंजिनपासून बॉडीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट सोडला. वरून ठीक, खाली हिरवट-पांढरी पूड. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडून, पट्टी काढून, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या आणि बोल्ट नीट आवळला. पुन्हा मोजलं तर ०.१. तेव्हापासून चार महिने टक नाही.

आता डब्याबद्दल. पेटीवर लिहिलेले अँपिअर क्षणभराचे असतात, त्यावर जाऊ नका. चार्ज मात्र चांगला टिकतो: तीन महिन्यांत चारांपैकी एक दिवा गेला. पण उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, लिथियमला ते सोसत नाही. मी घरात ठेवतो आणि लांब जाताना सोबत घेतो. केबल वीतभर आहे, त्यामुळे डबा ठेवायला जागा शोधावी लागते. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण दुसऱ्याच महिन्यात तुटलं. बॅटरी पार मेलेली असेल तर चिमटे तिला ओळखतच नाहीत, मग बूस्टचं बटण दाबावं लागतं. माझ्या डब्यात ते दाबल्यावर उलट्या जोडणीचं संरक्षण बंद होतं, ते माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात दिलंय. दोनदा रंग बघूनच दाबा.

बॅटरी भरलेली असूनही चावी फिरवून काहीच आवाज येत नसेल, किंवा अर्थिंग साफ, बॅटरी भरलेली आणि तरी एकच ‘टक’ असेल, तर हा डबा उपयोगाचा नाही. तेव्हा बहुधा सोलेनॉइडचे घासलेले काँटॅक्ट नाहीतर मोटरचे ब्रश बघायला स्टार्टर खाली उतरवावा लागतो, ते काम मेकॅनिकचं.

पाचपैकी चार. आणि जुनी बॅटरी? चार्ज करून तपासली, ठणठणीत निघाली. कोपऱ्यात पडून आहे.